बाळंतपण कुठल्या देशात करावं? (२१वा आठवडा, समोर तीन देश)

रानवेल

नमस्कार मंडळी. मला एकविसावा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. आम्ही दोघं चार वर्षं नेदरलँड्समध्ये आहोत आणि नोकऱ्याही इथेच आहेत. आता नवऱ्याला साओ पावलोला बदली मिळते आहे. दोन महिन्यांत गेला तरी चालेल, सहा महिन्यांनी गेला तरी चालेल. धाकटे दीर-जाऊ कॅनडात असतात. त्यांचा आग्रह आहे की शेवटचे तीन महिने मी त्यांच्याकडे राहावं. बाळाला तिथलं नागरिकत्व मिळेल आणि घरचं माणूस हाताशी असेल, असं ते म्हणतात.

रात्री एक देश पक्का होतो आणि सकाळी चहाच्या आधी तो मोडतो. परक्या देशात ज्यांची बाळंतपणं झाली आहेत त्यांनी काय पाहून ठरवलं आणि काय बघायचं राहून गेलं, ते कृपया सविस्तर लिहा. तब्येत आतापर्यंत छान आहे. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे, नवऱ्याचा पॉझिटिव्ह.

गारवा

अभिनंदन! माझं मत सरळ कॅनडाला. बाळाच्या हातात आयुष्यभराचा पासपोर्ट येतो आणि तुमचे फक्त तीन महिने जातात. शिवाय जाऊ जवळ असेल.

तळटीप

अभिनंदन, रानवेल. नागरिकत्वाचा विषय निघालाच आहे तर तो नीट मांडतो, कारण त्यावर अर्धवट माहितीच जास्त फिरते.

जन्मला की नागरिक, हा नियम आता मुख्यतः अमेरिका खंडांतच उरला आहे. कॅनडा, अमेरिका, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे असे ते देश. तिथेही सगळीकडे सरसकट नाही. चिलीत तात्पुरत्या मुक्कामाला आलेल्या परदेशी जोडप्यांची मुलं वगळली आहेत, तर कोलंबियात आईवडिलांपैकी एकाचं तिथे वास्तव्य असावं लागतं. बाकी जगाने हे दार हळूहळू लावून घेतलं. ब्रिटनने १ जानेवारी १९८३ला, ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ला, आयर्लंडने २००४च्या सार्वमतानंतर १ जानेवारी २००५ला आणि न्यूझीलंडने २००६ला. जर्मनीत जन्मणाऱ्या बाळाला नागरिकत्व मिळतं, पण आई किंवा वडील तिथे कायदेशीरपणे पाच वर्षं राहिलेले असावे लागतात आणि कायमच्या वास्तव्याचा हक्कही असावा लागतो. जून २०२४पर्यंत हीच अट आठ वर्षांची होती. तुम्ही राहता त्या नेदरलँड्समध्ये नुसत्या जन्मामुळे काही मिळत नाही.

आता याच्या उलट बाजूकडे पाहा. तुमचा स्वतःचा देश दुसरं नागरिकत्व चालवून घेतो का? भारत आणि चीन घेत नाहीत. जपान आणि सिंगापूरमध्ये मूल मोठं झाल्यावर त्याला एक निवडावंच लागतं. त्यामुळे 'दोन पासपोर्ट' हा शब्द ऐकला की आधी आपल्या देशाचा कायदा वाचावा.

आणि यातून आईवडिलांना लगेच काहीही मिळत नाही. अमेरिकेत जन्मलेलं मूल २१ वर्षांचं झाल्यावरच आईवडिलांसाठी अर्ज करू शकतं. कॅनडात १८ वर्षांनंतर, तेही त्याचं उत्पन्न पुरेसं असेल तर आणि त्या वर्षी अर्ज करण्याचं आमंत्रण मिळालं तर.

प्राजक्त_सडा

मग अमेरिकाच का नको? माझ्या ओळखीत एकीने पर्यटक व्हिसावर जाऊन केलं होतं, काही त्रास झाला नाही.

तळटीप

प्राजक्त, ते कधीचं ते विचारून घ्या. तिथे जन्मलेला तो नागरिक असं म्हणणारी, राज्यघटनेतली १८६८ची चौदावी दुरुस्ती आणि परदेशी आईवडिलांच्या मुलालाही ती लागू धरणारा १८९८चा वाँग किम आर्क खटला या दोन खांबांवर तो हक्क उभा आहे. पण जानेवारी २०२०पासून व्हिसाचा नियम वेगळा झाला. बाळाला नागरिकत्व मिळावं हाच प्रवासाचा मुख्य हेतू आहे असं अधिकाऱ्याला वाटलं, तर पर्यटक व्हिसा नाकारला जातो. पुढे २० जानेवारी २०२५ला अध्यक्षीय आदेश निघाला. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला नागरिक मानायचं नाही, असं त्यात म्हटलं होतं. न्यायालयांनी तो रोखला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पोटातल्या बाळाचं भवितव्य अशा वादावर टांगून विमानात बसू नये, असं मला मनापासून वाटतं.

जिथे गर्दी वाढते तिथे नियम फिरतात, हे आधीही झालं आहे. चीनच्या मुख्य भूमीवरून येणाऱ्या गरोदर स्त्रियांची संख्या इतकी वाढली की हाँगकाँगमधल्या आयांना रुग्णालयात जागा मिळेना. शेवटी २०१३पासून, ज्यांचे नवरे हाँगकाँगचे कायम रहिवासी नाहीत अशा बाहेरच्या स्त्रियांसाठी प्रसूतीच्या जागा शून्यावर आणल्या. अर्जेंटिनात फेब्रुवारी २०२३मध्ये एकाच विमानातून दिवस भरत आलेल्या ३३ रशियन स्त्रिया उतरल्या होत्या. दोन वर्षांनी तिथलेही परदेशी लोकांसाठीचे नियम कडक झाले.

सुईण

मी मिडवाइफ आहे, एकोणीस वर्षं हेच काम करते आहे. पासपोर्टची चर्चा चालू द्या. मी तुझ्या पोटाबद्दल बोलते, रानवेल.

पहिली गोष्ट तुझा रक्तगट. तू निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह, म्हणजे बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळाचं थोडं रक्त तुझ्या रक्तात मिसळलं तर तुझं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. या बाळाला सहसा धोका नसतो, पुढच्याला असतो. ते टाळायला अँटी-डी इंजेक्शन असतं. नेदरलँड्समध्ये २७व्या आठवड्यात तुझ्याच रक्तातून बाळाचा गट तपासतात आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर ३०व्या आठवड्यात इंजेक्शन देतात. पुष्कळ देशांत बाळाचा गट न तपासताच २८व्या आठवड्याच्या आसपास सगळ्याच निगेटिव्ह आयांना देतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. घोटाळा होतो तो मधल्यामध्ये देश बदलला की. इथून निघालीस म्हणून इथलं इंजेक्शन राहिलं आणि तिथल्या दवाखान्याने गृहीत धरलं की आधीच झालं असेल. नेमक्या त्याच आठवड्यांत तू विमानात असणार आहेस. म्हणून कुठेही गेलीस तरी सगळे रिपोर्ट कागदावर छापून हातातल्या पिशवीत ठेव. फोनवर नको, सामानाच्या बॅगेत तर नकोच.

दुसरं, प्रत्येक देशाची गरोदरपणाची पद्धत निराळी असते आणि अर्ध्यातून शिरणाऱ्या बाईला ती कोणी समजावून सांगत नाही. अमेरिका आणि कॅनडात शेवटच्या महिन्याच्या सुमारास स्ट्रेप्टोकोकस जंतूसाठी सगळ्यांचा स्वॅब घेतात. ब्रिटनमध्ये तो सरसकट घेत नाहीत. नेदरलँड्समध्ये सगळं सुरळीत असेल तर डॉक्टर दिसतही नाही, मिडवाइफच सगळं बघते. घरी बाळंत होणंही तिथे नेहमीचं आहे. मिडवाइफकडे असताना एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, हवंसं वाटलं तर रुग्णालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जावं लागतं. हे आधी माहीत असलं तर बाई शांत राहते. ऐन कळांमध्ये कळलं तर तिला वाटतं की आपल्याला नाकारलं.

तिसरं विमान. एकच बाळ असेल तर बहुतेक विमान कंपन्या ३६व्या आठवड्यापर्यंत घेतात, जुळं असेल तर ३२व्यापर्यंत. २८व्या आठवड्यानंतर डॉक्टरांचं पत्र बरेचदा मागतात. परतीचा प्रवासही त्यात मोजायचा. दहा-बारा तास बसून पायात रक्त गोठण्याचा धोका गरोदरपणी जास्त असतो, आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तर आणखी जास्त. दर तासाला उठून चालायचं, पाणी पीत राहायचं. घट्ट मोज्यांबद्दल तुझ्या मिडवाइफला विचार.

ब्राझीलसाठी एक वेगळी सूचना. साओ पावलो भागात जाणाऱ्यांना पीतज्वराची लस सुचवतात, पण ती जिवंत लस आहे आणि गरोदरपणी शक्यतो टाळतात. डासांमुळे पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला इजा करणाऱ्या झिका विषाणूचं २०१५-१६चं संकटही तिथलंच. आज चित्र तसं नाही, पण डासांपासून जपावं लागतंच.

रानवेल

सुईणताई, इंजेक्शनचं हे मला कुणीच इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. उद्याच माझ्या मिडवाइफला तारखा विचारते.

पाऊलवाट

हे लिहायला मला आठ दिवस लागले. धागा रोज वाचत होतो.

आमच्या मुलीचा जन्म आम्ही राहतो त्या देशात झाला नाही, आणि आम्ही निवडलेल्याही नाही. बायकोला ३०वा आठवडा होता. तिच्या बहिणीकडे दहा दिवस राहून परतायचं होतं. डॉक्टरांचं पत्र होतं, प्रवासविमा होता, सगळं रीतसर होतं. सहाव्या दिवशी पाणी गेलं. मुलगी १,३०० ग्रॅमची झाली आणि सात आठवडे काचेच्या पेटीत होती.

डॉक्टर आणि नर्सेस यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. पैशांचं मात्र सांगायलाच हवं, कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोवरचे तातडीचे उपचार विम्याने दिले. मुलीचा एकही दिवस दिला नाही. विमा काढला तेव्हा ती जन्मलेली नव्हती, म्हणून ती विमाधारक नव्हती. पॉलिसीत हे अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं, मी ते पान वाचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या कचेरीतून एक बाई आल्या. त्या फार मऊ आवाजात बोलत होत्या, पण कागद आमच्या हातात ठेवून गेल्या. त्या रात्री मी हिशेब करत बसलो होतो आणि बायको विचारत होती की तिचं वजन किती वाढलं. मी दोन्ही आकडे एकाच वहीत लिहीत होतो.

कर्ज फिटायला सहा वर्षं लागली. मुलगी ठणठणीत आहे, शाळेत जाते.

म्हणून रानवेल, तिन्ही देशांना एकच प्रश्न विचार. बाळ दोन महिने आधी आलं तर तिथे बिल कोण भरेल? साधं बाळंतपण कुठेही निभावतं. त्या प्रश्नाचं उत्तर जिथे लेखी मिळेल तो देश निवड. कॅनडात तू पाहुणी असशील, प्रांताचा सरकारी विमा तुला लागू होणार नाही. आगाऊ रक्कम भरावी लागेल आणि ती साध्या प्रसूतीच्या अंदाजाने मागतात.

सुईण

पाऊलवाट, तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

गारवा

मी माझा वरचा सल्ला मागे घेते. इतका विचार करून लिहिलंच नव्हतं.

निळी_शाई

मी साओ पावलोतच बाळंत झाले, म्हणून तिथलं लिहिते.

सार्वजनिक आरोग्यसेवा परदेशी माणसालाही मोफत मिळते, आणि मी ती वापरलीसुद्धा. २००५च्या कायद्याने कळांच्या वेळी, प्रसूतीत आणि नंतर एक माणूस सोबत ठेवण्याचा आईला हक्क आहे. माझी आई पूर्ण वेळ माझ्याजवळ होती. बाळ जन्मतःच ब्राझीलचं नागरिक होतं. त्या आधारावर आईवडिलांना वास्तव्याचा परवाना मागता येतो, आणि नागरिकत्वासाठी लागणारा वास्तव्याचा काळ चारऐवजी एक वर्षाचा होतो. आईवडिलांना इतक्या लवकर काही देणारे देश फार नाहीत.

आता दुसरी बाजू. तिथे निम्म्याहून अधिक बाळंतपणं सिझेरियनने होतात आणि खासगी रुग्णालयांत तर फार मोठ्या प्रमाणावर. मला नैसर्गिक प्रसूती हवी होती. पहिल्या दोन डॉक्टरांनी त्याला हो म्हटलं खरं, पण बोलता बोलता तारीखही काढली. तिसरी डॉक्टर मिळाली ती विचारत विचारत. आणि भाषा! मला पोर्तुगीज कामापुरती येत होती. कळा सुरू झाल्यावर ती सगळी गेली. दुखतंय म्हणजे कसं दुखतंय, पाठीत की खाली, सतत की थांबून थांबून, हे सांगायला माझ्याकडे फक्त मराठी उरली होती. आईला पोर्तुगीज येत नव्हती आणि नर्सला मराठी. नवरा विमानात होता. बाळ आल्यावर सगळं छान झालं, पण ते चार तास मी अजून विसरले नाही.

मुलगा असेल तर अठराव्या वर्षी लष्करी नोंदणी सक्तीची आहे, हेही ध्यानात असू द्या. अठरा पूर्ण झाल्यावर मतदान सगळ्यांनाच सक्तीचं आहे.

उंबरठा

मी या चर्चेतलं बाळ आहे, म्हणून लिहितो. वय ३४. आईवडील दीड वर्षाच्या कामासाठी अमेरिकेत होते, तेव्हा माझा जन्म झाला. अकरा महिन्यांचा असताना आम्ही तो देश सोडला आणि मी परत तिथे राहिलो नाही.

अमेरिका आपल्या नागरिकांना ते जगात कुठेही राहत असले तरी आयकराच्या कक्षेत धरते. हे मला २६व्या वर्षी कळलं, जेव्हा दुसऱ्या देशातल्या बँकेने खातं उघडताना जन्मस्थळ बघून जादा अर्ज पुढे केले. तिथल्या २०१०च्या 'फॅटका' (FATCA) कायद्यामुळे परदेशी बँकांना अमेरिकी खातेदारांची माहिती कळवावी लागते, म्हणून काही बँका असे ग्राहक घेतच नाहीत. कर प्रत्यक्षात फारसा भरावा लागला नाही, पण दरवर्षी विवरणपत्र भरावं लागतं आणि मागची राहिलेली भरायला सल्लागार लागला. कॅनडा आणि ब्राझील नुसत्या नागरिकत्वावर असा कर लावत नाहीत, म्हणून रानवेलला ही अडचण येणार नाही.

आईवडिलांवर माझा राग नाही. त्यांनी मला काही द्यायचं म्हणूनच ते केलं. पण हा निर्णय माझ्या जन्माच्या एका दिवसाचा नव्हता, तो माझ्या प्रत्येक अर्जावर आहे. मला कुणी विचारू शकत नव्हतं हे खरं. निदान पुढचं वाचून ठरवता येतं.

माझ्या बायकोचं वेगळंच. ती ब्रिटिश आहे, पण जन्म ब्रिटनबाहेरचा. अशा 'वंशाने' ब्रिटिश असलेल्यांच्या मुलांचा जन्मही बाहेर झाला तर त्यांना ते नागरिकत्व आपोआप मिळत नाही. म्हणजे सासूबाईंनी कुठे बाळंत व्हायचं ठरवलं, त्याचा परिणाम माझ्या मुलीपर्यंत आला.

तळटीप

उंबरठा, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्याला जोडून एक धोक्याची जागा सांगतो. सुमारे २४ देशांत आईला वडिलांइतक्या सहज आपलं नागरिकत्व मुलाला देता येत नाही. अशा देशाची आई, वडिलांचं नाव दाखल्यावर नाही आणि जन्मदेश जन्माने नागरिकत्व देत नाही, असं जुळून आलं तर बाळ कुठल्याच देशाचं राहत नाही. स्पेनसारखे काही देश अशा बाळाला आपलं मानतात, सगळे मानत नाहीत. अविवाहित जोडप्यांनी वडिलांची नोंद कशी होते हे जन्माआधीच विचारून ठेवावं. विवाहितांनी लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टील, म्हणजे तो परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, करून घ्यावं. ते बाळ झाल्यावर करायला गेलात तर आठवडे जातात आणि तोवर बाळाचा पासपोर्ट अडतो. बाळाला पासपोर्ट नाही म्हणजे त्या देशाबाहेर पाऊल नाही, आणि तेवढ्यात तुमचा स्वतःचा व्हिसा संपत आलेला असतो.

रानवेल, कॅनडाबद्दल आणखी एक. बाळंतपणासाठी येते आहे एवढ्यावरून तिथे प्रवेश नाकारत नाहीत, पण पुरेसे पैसे आणि परत जाण्याचा इरादा दाखवावा लागतो. खोटं सांगितलं असं ठरलं तर पाच वर्षांची बंदी येते. ३०व्या आठवड्याचं पोट शालीत झाकून 'फिरायला आले' म्हणायचा सल्ला कुणी दिला तर तो कृपया ऐकू नका.

रानवेल

सगळे प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचले. पाऊलवाट, तुमचा वाचल्यावर नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून त्याने विम्याचे कागद काढले.

तिन्ही देशांना तो प्रश्न विचारला. कॅनडात उत्तर असं आलं की सगळं आम्हीच भरायचं. जावेने स्वतः रुग्णालयात चौकशी केली आणि तिचाच फोन आला, 'वहिनी, तुम्ही येऊ नका, मीच येते.' साओ पावलोत कंपनीचा विमा बाळंतपणाला लागू व्हायला थांबण्याचा काळ आहे आणि तो माझ्या तारखेपलीकडे जातो. सार्वजनिक सेवा आहे, पण मला पोर्तुगीजचा एक शब्द येत नाही, आणि निळी शाईचे ते चार तास माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. इथे बाळंतपण मूलभूत विम्यात आहे, आणि बाळाला जन्मापासून चार महिन्यांच्या आत आमच्या विम्यात घातलं की संरक्षण पहिल्या दिवसापासून धरतात.

नवऱ्याने कंपनीला सहा महिन्यांनी येतो असं कळवलं. बाळाला इथलं नागरिकत्व मिळणार नाही, आमचंच मिळेल. याचं मला दोन दिवस वाईट वाटलं, कारण जाऊबाईंनी मनात एक चित्र उभं केलं होतं. आता नाही वाटत. ब्राझीलला जायचंच आहे, तिथे बाळ दोनेक महिन्यांचं होऊन जाईल.

२७व्या आठवड्याच्या तपासणीची तारीख मिळाली. बाळंतपणानंतर घरी येणारी काळजीवाहिका नोंदवायची राहिली आहे, ती मिळेल का अजून?

सुईण

मिळेल, पण आजच फोन कर. खरं तर ही नोंदणी पहिल्या तिमाहीतच करतात. ती साधारण आठ दिवस रोज काही तास येईल, तुझे टाके आणि बाळाचं वजन बघेल, दूध पाजायला शिकवेल. जगात फार थोड्या देशांत ही सोय आहे, ती पुरेपूर वापर. आणि इथे जन्माची नोंद तीन दिवसांत पालिकेत करावी लागते, ते काम नवऱ्याकडे दे. जाताना त्याच्या खिशात नाव ठरलेलं हवं, स्पेलिंगसकट. दाखल्यावर जे पडेल तेच पासपोर्टवर जाईल.

रानवेल

फोन केला. एका संस्थेत जागा आहे म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत कळवतील. नाव अजून ठरलेलं नाही, तीन उरली आहेत.